निगेटिव्हमधली आई

विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये आईचा फोटो आहे, ती गेली त्याच्या आदल्या वर्षीचा. गेल्या दिवाळीत आप्पांनी त्याच्याकडं बोट केलं आणि मला विचारलं, "ही म्हातारी कोन रं?" वडिलांचं विसरणं आम्ही तोवर चेष्टेवारी नेत होतो. चष्मा डोळ्यावर ठेवून शोधायचे, जेवून उठले की परत ताट मागायचे. पण आईला विसरावं? खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला.

मग वाटलं, त्यांच्या डोक्यात तरणी आईच असणार. ती होती निगेटिव्हमध्ये. आप्पा फौजेत होते. सुट्टीवर साताऱ्याकडं गावाला आले की कॅमेरा गळ्यात आणि आई उसाच्या बांधावर. फोटोसाठी ती मुद्दाम नथ घालून यायची. आप्पा दरडावायचे, "हलू नगंस गं," की ती हमखास हसायची. काय दिवस होते ते! फोटो सगळे वाळवीनं खाल्ले, निगेटिव्ह तेवढ्या बिस्किटाच्या डब्यात शाबूत राहिल्या.

कुपवाडला आमच्या वर्कशॉपमध्ये मोडक्या ड्रिल मशीनचा स्टँड पडून होता. तो घरी आणला, त्याला कॅमेरा खाली तोंड करून बसवला. खाली एलईडी दिवा, त्यावर दुधी काच, काचेवर निगेटिव्ह. फोटो काढायचा आणि लॅपटॉपवर काळ्याचं पांढरं करायचं. "एवढी हौस माळा आवरायला दाखवली असती तर," बायको म्हणाली. तिचं चालूच असतं.

पहिलीच आई निघाली. बांधावर उभी, हसणारी. लॅपटॉप तसाच उचलून आप्पांपुढं धरला.

त्यांनी बराच वेळ बघितलं. "कुनाची बाई हाय?"

"आप्पा, आई आहे आपली."

"न्हाई. ही न्हाई."

"अहो, जिच्याबरोबर जन्म काढलात ती!"

ते नुसती मान हलवत राहिले. मी लॅपटॉप तिथंच ठेवला आणि आत जाऊन तोंड धुतलं. गेली म्हटलं आई यांच्यातनं, कायमची.

तेवढ्यात बायकोची हाक आली. "अहो, नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

पदरही उजव्या खांद्यावर होता. निगेटिव्हची चकचकीत बाजू वर पाहिजे, नाहीतर आरशातल्यासारखं चित्र उलटं येतं. घाईत मी ती खाली घातली होती. परतली, पुन्हा फोटो काढला, पुन्हा आप्पांपुढं धरला.

त्यांनी स्क्रीनवर हात ठेवला. "हां. ही हाय." तिच्या गालावरून बोट फिरवलं, मग माझ्याकडं बघितलं.

"तुजी आई हाय ही. मगाशी तुला कळलं न्हाई व्हय रं?"

"नाही आप्पा," मी म्हणालो. खरंच कळलं नव्हतं.