पाहुण्याला नुसतं पाणी

शालूबाईची आणि माझी ओळख भांडणातून झाली. मिरजेच्या मालधक्क्यावर कारकुनी करून मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि दवाखान्यामागच्या आमच्या गल्लीत पहाटेपासून ओल्या लाकडांचा धूर यायचा. जाब विचारायला गेलो, तर ही उंब्रजची बाई फुंकणीवरून मान वर न करता म्हणाली, "आवं, उभं ऱ्हाऊन खोकण्यापरीस त्ये पातेलं तेवढं उतरा." मी उतरवलं. तेव्हापासून उतरवतोच आहे.

नवरा आकाराम पोटाच्या दुखण्यानं बेजार झाला, म्हणून ती त्याला घेऊन मिरजेला आली होती. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता फक्त पेज द्या. परगावात चूल कुठली? तिनं कडुलिंबाखाली तीन दगड मांडले. आकाराम गेला. पण शेजारच्या खाटेवरचा जतकडचा म्हातारा दुसऱ्या दिवशीही वाटी पुढं करून बसला होता, म्हणून ती राहिली. पुढं पत्र्याची शेड झाली आणि लोक तिला पेजघर म्हणू लागले. लांबून आलेल्या गरीब रोग्यांना दोन वेळा गरम पेज, फुकट. दीर लालासाहेब सुगी झाली की तिच्या वाटणीचा तांदूळ रेल्वेनं पाठवायचा. बाकीचं गल्ली बघायची. म्हणजे मनात आलं तर बघायची.

मग लढाई आली आणि धान्य जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी झाली. लालासाहेबाचा तांदूळ उंब्रजातच अडकला. रेशनवर मिळायचं ते ज्याचं त्यालाच पुरत नव्हतं. पेज पातळ होत गेली. शालूबाईनं आधी आपलं रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचं अर्ध्यावर आणलं. ती बोलली नाही, पण चुलीपुढून उठताना भिंतीला हात लावायला लागली, तेव्हा मला कळलं.

मी काही कमी उंबरे झिजवले नाहीत. देणारेही होते, नाही असं नाही. एकाला खोली बांधून हवी होती, दारावर वडिलांचं नाव घालायला. दुसऱ्यानं मोठ्या कौतुकानं भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्याला किल्ली द्यायला कुणाला सवड? ते बंदच असायचं. जो तो म्हणे, काहीतरी नवं काढा, मग बघू. अरे, जे चाललंय तेच बंद पडतंय, नवं काय काढू, कपाळ? पण मागणाऱ्यानं चिडायचं नसतं. मी घरी येऊन चिडत असे.

अशात सांगलीच्या एका फंडाची माहिती लागली. कुणा पेढीवाल्यानं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की, नव्या कामाला एक पैसा द्यायचा नाही. आधीपासून चाललेल्या आणि आता मोडकळीला आलेल्या लहान संस्थांनाच मदत करायची. इतका शहाणा माणूस मेल्यावर कळावा, हे आपलं नशीब. फंडाचे चिटणीस विष्णुपंत विश्रामबागेला राहायचे. गुरुवारी जातीनं येऊन बघतो, असा त्यांचा निरोप आला. पेजघर राहणार की बंद पडणार, ते आता त्या गुरुवारवर होतं.

"पावना येतोय म्हना की," शालूबाई म्हणाली.

"पाहुणा नाही, तपासायला येतायत. आहे तसं दाखव. काही करू नकोस."

गुरुवारी जाऊन बघतो तर शेड सारवलेली, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत पुरण शिजत होतं. रोग्यांच्या नातेवाइकांनी आपापली गाठोडी सोडली होती. कुणी गहू काढले होते, कुणी गुळाचा खडा, एकीनं तर आजारी लेकासाठी आणलेलं तूप दिलं होतं. शेजारच्या रंगूबाईची पितळी ताटं घासून चकचकीत झाली होती. कुणीतरी घड्याळालाही किल्ली दिली होती. ते मेलं टिकटिक करत होतं.

विष्णुपंत सोवळं-ओवळं न मानणारे, मोकळे गृहस्थ. पाटावर बसून मनापासून जेवले. मग हात धुता धुता त्यांनी विचारलं, "काही अडचण, बाई?"

मी तिला डोळ्यांनी खुणावलं.

"न्हाई बा. तुमच्या आशीर्वादानं समदं ब्येस हाय."

मी घसा खाकरला, तोंड उघडलं. "नानासो," ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "पावन्यास्नी पान-सुपारी द्या."

आठवड्यात उत्तर आलं. संस्था उत्तम स्थितीत पाहून आनंद झाला, मदत अधिक गरजूंकडे वळवत आहोत. मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो. ती तांदळातले खडे वेचत होती. माझं ओरडून झाल्यावर म्हणाली, "जेवनाऱ्याम्होरं रडगानं गाऊ व्हय? त्येच्या घशाखाली घास तरी उतरंल का?"

मी तडक विश्रामबाग गाठलं. विष्णुपंतांना सगळं सांगितलं, तुपाचंसुद्धा. ते चष्मा काढून पुसायला लागले. "मी दोन पोळ्या मागून घेतल्या हो," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, फंडाच्या पंचांना माझ्या डोळ्यांनी पाहिलेलंच चालतं, तेव्हा मी न कळवता पुन्हा येतो.

ते आले एका दुपारी. रोग्यांची पेज वाटून झाली होती, पातेलं धुऊन पालथं घातलेलं होतं. त्यांचा आवाज ऐकून शालूबाई गडबडीनं उठली. पोतं चाचपलं. गुळाचा डबा उघडून आतून हात फिरवला, बोटांना काहीच लागलं नाही. मग तिनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला. गुळाच्या खड्याशिवाय पाहुण्याला पाणी देण्याची तिच्यावर आयुष्यात पहिलीच वेळ आली असावी. तिची मान वर होईना. विष्णुपंत सगळं पाणी प्याले आणि हात जोडून निघून गेले. मला तिच्याकडं बघवेना.

मदत मंजूर झाली. वर्षभराचा तांदूळ परमिटासकट, आणि लाकडं. मी धावतच सांगायला गेलो.

"किती दिस म्हनला?"

"वर्षभर."

"आन् फुडं?"

"पुढं पुन्हा अर्ज. पुन्हा बघायला येतील."

ती भुईवर बसली. "गोडाधोडाचं घातलं तवा न्हाई म्हनले. नुसतं पानी दिलं तवा व्हय म्हनले," ती म्हणाली. "दर वर्साला आमी किती उपाशी हाय त्ये दावायचं व्हय, नानासो? लय दमले बगा मी."

मीही दमलो होतो.

पहिलं पोतं आलं त्या दिवशी पेज दाट झाली. सगळ्यांची वाटून झाल्यावर तिनं स्वतःची वाटी घ्यायच्या आधी एक डबा भरला, वर लोणच्याची फोड ठेवली आणि फडक्यात बांधून माझ्यापुढं सरकवला. "इष्णुपंतास्नी नेऊन द्या. त्या दिशी आपल्या दारातनं उपाशी गेलं त्ये."

"अगं बाई," मी कळवळून म्हटलं, "त्यांनी पुन्हा लिहिलं तर, संस्था उत्तम स्थितीत आहे म्हणून?"

"लिवू द्या." तिनं गाठ घट्ट ओढली. "फुडल्या वर्सी रिकामा दावीन. आज भरल्यालाच जाऊ द्या."