मडमच्या घरचं सारवन
सकाळी शेजारनीनं अंगण सारवलं आनि त्या वासानं मला मिशनचा बंगला आठवला. बहात्तरच्या दुष्काळात मालक गेलं, तवा लेकरं घिऊन आटपाडीसनं कराडला आले आनि त्या बंगल्यावर धुन्याभांड्याचं काम घावलं. मी नवीनच हुते. गोऱ्या सायबाची आई पयल्यांदाच विलायतेतनं येनार, म्हनून आठवडाभर नुसती धांदल. पडदं धुतलं, गाद्या उन्हात टाकल्या. त्या दिशी मडम म्हनली, "बाई, आज सासूबाई येतील. तुमच्या घरी सणाला करता, तसं घर स्वच्छ करा," आनि सायब-मडम दोगं मोटार घिऊन टेसनावर गेली. मी गवळ्याकडनं पाटीभर श्यान आनलं आनि व्हरांड्यासकट बसायची खोली, समदा गुळगुळीत लाल कोबा झकास सारवून काडला. मोटार आली. मडम दारातच थबकली. सायब म्हनला, "बाई, घरात शेण?" मी म्हनलं, "आवं सायब, मग काय रस्ता सारवू?" पन मडमचं त्वांड बगितलं आनि मनात आलं, काम गेलं तर लेकरास्नी काय घालू? तेवढ्यात म्हातारीनं छाती भरून वास घेतला नि इंग्रजीत कायतरी बोलून हसाय लागली. सायब म्हनला, "आईच्या माहेरी गाई होत्या. ती म्हणते, घरी आल्यासारखं वाटलं." म्हातारीनं बूट काडलं, आत पाय टाकला आनि घसरली ती थेट टेबलाखाली. तितनंबी ती हसतच हुती. मग मडमलाबी हसू आवरंना. काम टिकलं, लेकरं त्यावर मोठी झाली. पन मडमनं पुन्यांदा कवा सनाचं नाव काडलं न्हाई. "बाई, फक्त झाडा," एवढंच म्हनायची.