फुटका उंडो

पहिला दगड सायकलवरून पाव विकणाऱ्या पदेराच्या टोपलीवर बसला, दुसरा त्याच्या कानशिलावर. सायकल आडवी झाली, निळं मेणकापड फाटलं आणि गरम पाव लाटंबार्श्याच्या रस्त्यावरच्या लाल धुळीत गडगडत गेले. रस्त्यात पाडून ठेवलेल्या काजूच्या झाडाआडून सात-आठ पोरं धावत आली. एकाने पदेराच्या गळ्यातला भोंगा हिसकावला आणि त्याच भोंग्याने त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटून रक्त हनुवटीवर उतरलं.

शिलास आवळे चंद्रावतीमावशीच्या कुंपणापाशी उभा राहून बघत होता. पोटात कालपासून काही नव्हतं. तो वाट बघत होता ती पावाची. पाव आणणाऱ्या माणसाची वाट त्याने कधीच बघितली नव्हती.

शिलास मूळचा कोल्हापूरकडचा, बापजाद्यांपासून ख्रिस्ती. पाळक व्हायचं म्हणून बेळगावकडच्या एका शाळेत शिकत होता. शेवटच्या वर्षी त्या शाळेचे विद्यार्थी एकेका गावात धाडले जात, खिसा रिकामा ठेवून. नियम एकच: माणसाकडे काही मागायचं नाही. हवं ते देवाकडे मागायचं आणि येईल ते घ्यायचं. गुरुजींनी निरोप देताना बजावलं होतं, "पोरांनो, देणाऱ्या हाताकडे बघत बसू नका. हाताकडे बघितलं की माणसाची आशा लागते." शिलासने ते शब्दाला शब्द धरलं. मागितलं असं कळलं तर शाळा परत घरी पाठवत असे, हेही त्याला ठाऊक होतं.

लाटंबार्श्याला त्याला जागा मिळाली चंद्रावतीमावशीच्या काजूच्या खोलीत. बिया यायला फाल्गुन उजाडतो, तोवर खोली रिकामीच. मावशी विधवा, रोज तुळशीला पाणी घालणारी, आणि जिभेला हाड नसलेली. खाणीवर कामाला आलेली कोल्हापूर-बेळगावची तीन-चार ख्रिस्ती कुटुंबं रविवारी तिच्याच अंगणात जमत. त्यांच्यासमोर शिलास मराठीतून प्रार्थना चालवी. मावशी ओसरीवर सुपारी कातरत ऐकत बसे.

रोज पहाटे शिलास डोळे मिटून गुडघ्यावर बसायचा. "बापा, आजचं आज दे." रस्त्यावरून पदेराचा भोंगा वाजत जायचा. डोळे उघडले की खिडकीच्या गजात फडक्यात बांधलेला एक उंडो असायचा, गोल, कडक पाठीचा पाव, हाताला गरम लागणारा. शिलास देवाचे आभार मानून तो चहात बुडवून खाई. फडकं धुऊन पुन्हा गजाला बांधून ठेवी.

"काय रे पाद्र्या," मावशी हसायची, "तुझो देव सायकल चालवता की काय?"

"देव कसाही देतो, मावशी."

"देता तर. पण एकदा डोळे उघड आणि बघ तरी कोण देता तो!"

शिलास नुसता हसायचा. त्याला वाटे, ही बिचारी, हिला विश्वास काय कळणार!

मग १९८६चा तो डिसेंबर आला. राजभाषा कोकणी की मराठी, यावरून गोवा पेटला. रस्ते अडले, बसगाड्यांच्या काचा फुटल्या. कुठे मराठी बोलला म्हणून माणसाला मारलं, कुठे कोकणी बोलला म्हणून. इकडे डिचोली-पेडण्याला मराठीचा जोर, पलीकडे बार्देशात कोकणीचा. त्या दिवशी टेंपोतून आलेली ही पोरं गावची नव्हती. आल्या आल्या त्यांनी मावशीच्या बांधावरची काजू तोडून रस्त्यात घातली होती.

"बार्देशातून येतो हा, खबऱ्या!" लाल मफलर गुंडाळलेला एकजण ओरडला. त्याच्या हातात लोखंडी सळई होती. "टोपलीत काय आणलंस? चिठ्ठ्या?"

"पाव हाडला बाबा, पाव," पदेर धुळीतून म्हणाला. "हांव पदेर."

सळई त्याच्या दंडावर बसली. हाड मोडल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. पदेर किंचाळला, त्याच्या धडपडीत टोपली पुरती उलटली. तिच्या तळातून एक पुडकं बाहेर पडलं. लाल चौकड्यांचं फडकं, कोपऱ्याला गाठ. शिलासने ते फडकं काल संध्याकाळीच धुऊन गजाला बांधलं होतं. आज पहाटे ते गजावर नव्हतं. म्हणजे हाच माणूस रोज फडकं घेऊन पुढे जात होता आणि पाव बांधून परतताना ठेवत होता.

शिलासचे पाय कुंपण ओलांडून कधी गेले ते त्याला कळलं नाही.

"सोडा! सोडा त्याला!"

दोघांनी त्याला धरलं. मफलरवाल्याने त्याच्या गळ्यातला क्रूस बघितला. "हा पण किरिस्ताव! म्हणजे कोकणीवालो."

"न्हाई वो, मी कोल्हापूरकडचा हाय. मराठी माझ्या आईची भाषा."

पोरं क्षणभर चक्रावली. "किरिस्ताव आणि मराठी?" कुणीतरी हसलं. "मग आपलोच तो. जा रे, घरी जा."

त्यांनी त्याला सोडलंही. वाट मोकळी होती. शिलास हलला नाही. "ह्यालाबी सोडा. पाया पडतो तुमच्या."

आयुष्यात पहिल्यांदाच तो माणसाकडे काही मागत होता.

"हो तुझो कोण लागता?"

"माझा... ओळखीचा हाय."

"ओळखीचा?" मफलरवाला जवळ आला. "नाव सांग त्याचं. नाव सांग, सोडतो."

शिलासने तोंड उघडलं. गणपती झाल्यापासून तो ह्या माणसाच्या हातचा पाव खात होता, आणि त्याला त्याचं नाव माहीत नव्हतं. त्याने पदेराकडे बघितलं. पदेर रक्ताळलेल्या तोंडाने काहीतरी पुटपुटला, पण एकाने त्याच्या तोंडावर पाय ठेवला.

"तू नको रे सांगू. ह्याला सांगू दे."

"मला... मला न्हाई ठाऊक."

"खोटारडा!"

सळई शिलासच्या पाठीत बसली. तो पदेराच्या अंगावर पडला, आणि पडला तो तिथेच पालथा राहिला, दोन्ही हातांनी त्याचं डोकं झाकून. मग लाथा सुरू झाल्या. बरगडीत, मांडीवर. सळई खाली आली ती त्याच्या उजव्या हातावर. बोटं अशी ठेचली की आधी दुखलंच नाही, नुसती ओल जाणवली. पलीकडे सायकलीवर घासलेट पडलं, काडी लागली, टायर काळा धूर ओकू लागला. "ह्यांकापण घालूया आत," कुणीतरी म्हणालं. ते गमतीत म्हटलेलं नव्हतं.

शिलासला प्रार्थना सुचेना. सुचली ती हाक. "मावशी! मावशी, या वो! वाचवा!"

चंद्रावतीमावशी मागच्या माडाखाली गवत कापत होती. ती धावत आली, हातात कोयता तसाच. तिने आधी रस्त्यात पडलेलं झाड बघितलं.

"माझी काजू कोणी पाडली? कोणी पाडली माझी काजू, मेल्यांनो?"

पोरं थबकली.

"आणि ह्या पदेराक कित्याक मारतात? इनास तो! अस्नोड्याच्या पास्कूचो झील इनास. ह्याच्या बापाचे पाव खाऊन माझी पोरां वाढली."

"आजी, तुम्ही बाजूला व्हा. मराठीचं काम चाललंय."

"मराठी माकाय होयी! माझ्या सासऱ्यान ह्या ओसरीर पोथ्या वाचल्यो त्या मराठीतच. पण पदेराचो हात मोडून कसली मराठी आणतलंस तू?" ती कोयता तसाच धरून मफलरवाल्याच्या छातीशी येऊन उभी राहिली. "नाव काय तुझं? बोल. बापाचं नाव काय? गाव खंयचं?"

त्याने मफलर तोंडावर ओढला.

"तुझं रे? आणि तुझं? लाज वाटता नाव सांगूक?"

शेजारच्या घरांची दारं आता उघडू लागली. पोरं मागे सरली. जाता जाता एकाने इनासच्या मोडक्या हातावरच लाथ घातली, आणि टेंपो धूळ उडवत निघून गेला.

रस्ते अडलेले, म्हणून शेजाऱ्यांनी त्या दोघांना डिचोलीच्या दवाखान्यात नेलं ते पायवाटेने, खाटल्यावर घालून. वाटेत मावशी सारखी बडबडत होती. "आता कळलं रे देव कोण तो? नुस्तो पाव देणारो नाय, तुझ्यासारखो मार खाणारो तुझो देव." मग तिचीच तिला लाज वाटून ती डोळे पुसू लागली.

शिलासने शाळेला कळवलं की नियम मोडला, माणसांकडे मागितलं. उत्तराची वाट न बघता, हात बांधलेला असतानाच एका दुपारी तो चालत अस्नोड्याला गेला. इनास भट्टीसमोरच्या बाकड्यावर बसला होता. दंडाला फळ्या बांधलेल्या, ओठाला टाके.

शिलास त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "इनासबाब," तो म्हणाला. "तुम्ही मला पाव का देत होता?"

इनासने खांदा उडवायला बघितलं आणि कळवळला. "भट्टीत रोज एक तरी उंडो फुटता. फुटको उंडो गिऱ्हाईक घेईना. तुझी खिडकी वाटेर. तू घेतलंस. एक दीस तरी भायर येतलो म्हणून वाट पळयतालों. तू डोळे धापून बसलेलो."

शिलासची मान खाली गेली. मग त्याने सरळच विचारलं, "मला भूक लागलीय. एक उंडो देता?"

इनास मोठ्याने हसला, टाके ताणले म्हणून शिवी हासडली आणि पुन्हा हसला. "खंयचो उंडो? भट्टी थंड. हात मोडलो न्हय रे माझो! पीठ कोण मळतलो?"

"मी मळतो."

इनासने त्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या बोटांकडे बघितलं. "हातान?"

भट्टीशेजारी लाकडाची लांब डोणी होती. पीठ फुगावं म्हणून त्यात माडाची सूर, म्हणजे माडी, घालून जुने पदेर डोणीत उतरत आणि पायांनी मळत. इनासने पायानेच पाण्याची बालदी शिलासकडे सरकवली.

"बस थंय. पाय धू आधी. बरे घासून धू."

शिलास बसला आणि पाय धुऊ लागला.