काळ्या मातीतलं पातं

ईशान, मृण्मयी,

आबा गेल्यावर तुम्ही दोघं येऊन गेलात. निघताना इंदूरच्या विमानतळावर ईशानने विचारलं, "आजी, आबा नक्की काय बनवायचे गं?" मी सवयीने म्हणाले, "सरकारी गाड्या." आमच्या घरात हेच उत्तर ठरलेलं होतं. घरी परतल्यावर आबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि वाटलं, आता एवढं उत्तर पुरत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि मलाही. माझं शिक्षण त्यातच झालं. पण आबांशी माझा संसार मराठीत झाला, म्हणून हे मराठीत. अडेल तिथे बाबांना विचारा.

पूर्वी तोफ वेगळी असे आणि ती ओढणारं वाहन वेगळं. आबा लष्करासाठी गाड्या तयार करणाऱ्या सरकारी खात्यात होते, आणि त्यांच्या गटाला तोफ मोठ्या ट्रकच्या पाठीवरच बसवायची होती. यायचं, डागायचं, निघायचं. आता अशा गाड्या संचलनात सगळेच बघतात, म्हणून लिहायला हरकत नाही. तोफेचा धक्का गाडीला मागे ढकलतो. तो पेलायला गाडीच्या मागे एक रुंद लोखंडी पातं असतं, ते जमिनीत रोवलं जातं. अख्ख्या गाडीतलं तेवढ्या पात्याचं काम आबांकडे होतं.

वाळूत चाचणी झाली, मुरमात झाली, सगळे खूश होते. आबा मात्र सुट्टीवर फ्रीगंजच्या या घरी आले ते काळजीतच. समोरचे पोहे गार झाले तरी हात लावेनात. फार विचारल्यावर म्हणाले, "आपल्या ओल्या काळ्या मातीत ते रुतून बसेल, मालती."

"मग जरा थांबून काढायचं."

"आत माणसं बसलेली असतात. तोफ डागली की समोरच्याला आपली जागा कळते... थांबायचं कसं?"

कामाबद्दल ते माझ्याशी याहून जास्त कधी बोलले नाहीत. त्यांनी साहेबांना सांगून पाहिलं होतं. साहेब हसून म्हणाले होते, "तुझ्या माळव्याची माती घेऊन कोण लढायला जातंय?" गाडी वरिष्ठांना दाखवायचा दिवस ठरला होता आणि आबा संमती देत नव्हते.

मग त्यांनी देवास गेटजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून तशाच आकाराचं लहान पातं करून आणलं, वर कमरेइतका दांडा. मागच्या अंगणात, ओसरीला लागून, ते घणाने ठोकून रोवलं आणि भोवती दिवसभर पाणी सोडलं. शेजारचे भिसेकाका कुंपणावरून ओरडले, "वहिनी, शिरीषरावांनी ये क्या लगा रखा है? भैंस पाळताय काय?" मला वाटलं, गुलाबाला आळं करताहेत. मी बिचारी शेणखत सांगून मोकळी झाले!

दोन दिवसांनी साहेब सहकुटुंब महाकालाच्या दर्शनाला आले आणि आमच्याकडे चहाला थांबले. पांढरं धोतर, कपाळावर चंदन. चहा झाल्यावर आबा त्यांना मागे घेऊन गेले. "सर, हे जरा उपटून दाखवा."

"अरे, मी दर्शनाला आलोय. तू माझी परीक्षा कसली घेतोस?"

पण दांडा त्यांनी धरला. मग दोघांनी मिळून ओढला. मग भिसेकाकांनी आपली जीप अंगणात आणून दोरीने जोडली. चाकं जागच्या जागी फिरली आणि सगळा चिखल साहेबांच्या धोतरावर. भिसेकाका खिडकीतून म्हणाले, "साहब, महाकाल का प्रसाद समझ लो." साहेबांच्या सौभाग्यवती तोंडाला पदर लावून आत पळाल्या. साहेब हसले नाहीत. वाकून दांडा पुन्हा हलवून पाहिला आणि विचारलं, "यावर उपाय काय?"

"चिखलातून पाय काढताना आपण आधी टाच सोडवतो. पातंही वर उचलण्याआधी जरा कलायला हवं. सांधा नवा करावा लागेल."

"दिवस ठरलाय, माहीत आहे ना?"

"हो सर."

साहेबांनी दिवस पुढे ढकलला. त्याबद्दल त्यांना वरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, हे आम्हाला फार नंतर कळलं. पावसाळा संपता संपता काळ्या मातीत चाचणी झाली. त्या संध्याकाळी आबांचा फोन आला. एकच शब्द बोलले, "निघाली." मी स्वयंपाकघरात जाऊन शिरा केला आणि एकटीने खाल्ला.

पुढे तशा किती गाड्या झाल्या, कुठे गेल्या, मला माहीत नाही. आबांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. निवृत्तीनंतर ते सकाळी मागच्या ओसरीत खुर्ची टाकून बसत. शेवटच्या आठवड्यात चालणं जवळजवळ थांबलं होतं, तरी ओसरीपर्यंत धरून न्यायला लावत. काठीने त्या दांड्यावर दोनदा टकटक करत आणि मगच चहा घेत.

अंगणातलं ते पातं कधी निघालंच नाही. भिसेकाकांनी पुढे दोनदा जीप लावून पाहिली. मी दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. पलीकडच्या टोकाचा खांब दोनदा बदलला. हे टोक अजून सरळ उभं आहे.