उजव्या चाकाची गुरगुर

माझं आणि माझ्या धाकट्या दिराचं कधी पटलं नाही, आणि पटावं म्हणून दोघांपैकी कुणी मेहनतही घेतली नाही. तो आधी भिवंडीतच निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता, चांगली पंधरा-सोळा वर्षं. मग टेमघरला घराजवळच त्यानं गॅरेज टाकलं. गाडी आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. गिऱ्हाइकं भारावून बघत राहायची. मला ते ढोंग वाटायचं. अजूनही वाटतं.

आमची जुनी गाडी घरात मीच चालवते. दर रविवारी सकाळी सासूबाईंना गुडघ्यांसाठी वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर नेते. मागच्या वर्षी गाडीच्या पुढच्या बाजूने आवाज यायला लागला. खडखड नव्हे, कुईकुई नव्हे. काटा चाळिशीच्या पुढे गेला की खालून जातं फिरल्यासारखी गुरगुर. मी कान देऊन ऐकलं. ब्रेक दाबला तरी तीच. गिअर काढून गाडी नुसती सोडली तरी तीच. खड्डे संपून सिमेंटचा रस्ता लागला तरी तीच. फक्त डावीकडे वळलं की वाढायची आणि उजवीकडे वळलं की दबायची. सासूबाई मागून विचारायच्या, "चाक निंगंल काय गो?"

तीनदा गाडी दिराकडे नेली. भिवंडीच्या धुळीत मी तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही, तशीच उभी राहून त्याला सगळं सांगायची. पहिल्यांदा त्यानं हवा भरून दिली. दुसऱ्यांदा चाकांचं अलाइनमेंट केलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "वयनी, गाडीला काय पन न्हाय झालाय. आवाज तुमच्या डोक्यान हाय."

एवढ्यावर थांबला असता तर मीही गिळलं असतं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं माझ्या नवऱ्याला सांगितलं की वयनी गाडी खड्ड्यांत आपटते, पुढच्या रविवारपासून आईला मीच नेतो. नवरा म्हणाला, "बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे ठरलं. बारा वर्षं माझ्या पर्समध्ये असलेली किल्ली या माणसाच्या खिशात जाणार होती, तीही मी खरं बोलत असताना. माझं डोकं सणकलं.

शनिवारी दुपारी चौथ्यांदा गेले. गॅरेजात चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"डावीकडे वळताना गुरगुरते," मी स्कार्फमधूनच म्हणाले.

"हां, सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यान करू," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघतच राहिले. लूमच्या खटखटाटात माणसं एकमेकांचं ऐकत नाहीत, ओठ वाचतात, हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. सासूबाई त्याच्याशी बोलण्याआधी नेहमी त्याच्या दंडाला हात लावतात. जेवताना तो कायम सगळ्यांची तोंडं दिसतील असा बसतो. इतकी वर्षं मी हे बघत होते आणि माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

मी स्कार्फ नाकापर्यंत नीट वर ओढला. "भाऊजी, तुम्ही गाढव आहात का?"

"हां हां, बगतो ना मी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

गिऱ्हाइकं खो खो हसली. तो एकेकाच्या तोंडाकडे बघायला लागला. मग मी स्कार्फ खाली ओढला आणि त्याला दिसेल असं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

हे बाजूला नेऊन विचारता आलं असतं. मला बाजूला न्यायचं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यानं स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. जॅक लावून गाडीची पुढची उजवी बाजू उचलली, डावा तळहात चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला आणि उजव्या हातानं चाक फिरवलं. अर्धा फेराच पुरला. चालत्या लूमवर हात ठेवून बिघाड ओळखणारा माणूस तो, त्याच्या हातांना सगळं कळत होतं. पहिल्याच दिवशी हात लावला असता तर? पण गिऱ्हाइकांसमोर त्याला आपले कान किती तिखट आहेत ते दाखवायचं होतं.

"बेरिंग गेलाय," तो चाकाकडे बघत म्हणाला. "आईला घेऊन आजून दोन फेऱ्या न्हाय झाल्या असत्या."

संध्याकाळच्या आत त्यानं बेरिंग बदललं. गाडी आता गुपचूप चालते, किल्ली माझ्या पर्समध्येच आहे. त्याच्याशी बोलायचं असलं की मी आठवणीनं स्कार्फ हनुवटीखाली ओढते आणि सावकाश, स्पष्ट बोलते.

मी तोंड उघडलं की तो पाठ फिरवतो.