दगडाबाईची हाळी

सांगलीत अक्कलदाढ काढून दगडाबाई जतला परतली, तेव्हा गाल टम्म सुजला होता. डॉक्टरनं दोन दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं. पण सकाळी मेंढरं कुंपणाच्या वाडग्यातून हलेनात. तिच्या हाळीशिवाय त्यांनी कधी पाऊलच उचललं नव्हतं. मुलानं, धनाजीनं, ओरडून पाहिलं, मग मोबाईलमध्ये भरलेली तिची हाळी वाजवली. मेंढरांनी कान टवकारले आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

दगडाबाईनं तोंडातला कापूस थुंकला, गाल धरला आणि अशी हाळी घातली की सगळा कळप उधळत बाहेर आला.

“आवं आत्या, टाकं तुटतील की!” सून ओरडली.

“माझं तोंड दोन दिस गप बसंल गं. ह्यांची पोटं गप बसत्यात व्हय?”