दवाखान्यातच वाढणारा बीपी

माझ्या थोरल्या भावाला किडनी द्यायला मी तयार झालो ते प्रेमापोटी नाही, रागापोटी. हे आधीच सांगून टाकतो. कारण आमच्या तेर गावातली माणसं तोंडावर मला मोठ्या मनाचा म्हणतात आणि पाठ वळली की नाटकी म्हणतात. मी दोन्ही नाही.

आम्हा दोघांत एक विहीर आहे. वाटण्या झाल्या तेव्हा पाण्याची पाळी ठरली, एक दिवस त्याची मोटार, एक दिवस माझी. मी शाळेत मास्तर. माझ्या पाळीला लाइट यायची तेव्हा मी वर्गावर असायचो, आणि हा पठ्ठ्या खुशाल आपली मोटार चालू करून मोकळा व्हायचा. संध्याकाळी मी शेतात जावं तर त्याचा ऊस गार आणि माझी ज्वारी माना टाकून उभी. मी बोललो, तो बोलला, मग बायका बोलल्या आणि शेवटी कुणीच बोलेना. माझ्या मुलीच्या लग्नाला तो आला नाही. त्याच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला मी गेलो नाही. बांधावर समोरासमोर आलो तरी तो आभाळाकडं बघायचा, मी ढेकळांकडं.

अशात त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा धाराशिवला डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी किडनी देत असेल तर बघा. वहिनीला शुगर, तिचा प्रश्नच नव्हता. पोराच्या अंगाला हात लावू देणार नाही, असं त्यानं निक्षून सांगितलं. मग एके दिवशी वहिनी आमच्या दारात उभी राहिली. किती वर्षांनी आली होती, पण आत येईना.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुमी देनार न्हाईत हे मला ठावं हाय. पर इचारलं न्हाय असं नको म्हनून आले."

ते 'ठावं हाय' माझ्या डोक्यात गेलं. मी काय करणार आणि काय नाही, हे ह्या लोकांनी आधीच ठरवून टाकलेलं. मी म्हणालो, "देतो. सांगा त्यांना." आत बायकोच्या हातातलं भांडं पडलं. पडू दे म्हटलं.

तपासण्या सोलापूरच्या एका दवाखान्यात होत्या. रक्तगट जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या. ज्या दोन माणसांचं एका विहिरीवर जुळलं नाही, त्यांचं आतून सगळं जुळत होतं. राहता राहिला बीपी. तो नुसता घ्यायचा होता, त्यात जुळवायचं काहीच नव्हतं.

सिस्टरनं पट्टा सोडवून दंडाला गुंडाळला. तो सोडवताना चर्रर असा आवाज होतो, त्या आवाजालाच माझ्या छातीत काहीतरी उडालं. पट्टा फुगायला लागला. मागच्या बाकावर भाऊ बसलेला, त्याची नजर मशीनच्या आकड्यांवर. मला ती नजर मानेवर कळत होती. सिस्टरनं आकडा मोठ्यानं सांगितला, "एकशे अडुसष्ट, शंभर." आख्ख्या खोलीला ऐकू गेलं. शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई "अगंबाई" म्हणाली. तिचा काय संबंध?

"टेन्शन घेऊ नका काका, परत बघू," सिस्टर म्हणाली.

टेन्शन घेऊ नका, हे वाक्य ज्यानं कुणी शोधून काढलं असेल त्याला एकदा माझ्यासमोर बसवा आणि त्याच्या दंडाला पट्टा बांधा. परत घेतला, तर एकशे चौऱ्याहत्तर. डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, काही जणांचा दवाखान्यातच वाढतो, पुढच्या वेळी बघू. मला ते पटलं. किंबहुना मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. दवाखान्यात वाढतो म्हणजे दोष दवाखान्याचा, माझा नाही.

पुढच्या वेळेपर्यंत मी काय नाही केलं? मीठ सोडलं. चहा सोडला, तर दिवसभर डोकं ठणकायचं आणि वर्गात पोरांवर डाफरायचो. पहाटे नाक धरून श्वास घ्यायला लागलो. दवाखान्यात तासभर आधी जाऊन बसायचो, डोळे मिटायचो आणि मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणायचो. माझं नाव पुकारलं की सतरा चोक किती ते आठवायचं नाही. गणिताचा मास्तर मी! पट्टा बांधला की आकडा हटकून एकशे साठच्या वर. प्रत्येक वेळी सिस्टर वेगळी, वाक्य तेच.

घरी मशीन विकत आणलं. त्यावर तीनदा बीपी घ्यायचा आणि सगळ्यात कमी येईल तो खरा धरायचा, असा माझा नियम होता. पहिला जास्त आला तर पट्टा सैल बांधला गेला म्हणायचं. दुसरा जास्त आला तर बायको मध्येच बोलली म्हणायचं. तिसरा कधी कधी एकशे तीसच्या आसपास यायचा. मग मी समाधानानं मशीन कपाटात ठेवायचो आणि म्हणायचो, बघ, मला काही झालेलं नाही. बायको काही बोलायची नाही. तिच्या न बोलण्याचाही मला राग यायचा.

गावात मात्र बोलणं सुरू झालं होतं. स्टँडवरच्या हॉटेलात एकानं मला ऐकू जाईल असं म्हटलं, "मास्तरचा बीपी लई शाना हाय बगा. बरोबर दवाखान्यातच वाढतोय." बाकीचे हसले. ज्यांनी भावकीत कधी वांगं दिलं नाही, ते मला किडनी देण्यावरून शिकवत होते. मी चहा तसाच टाकून उठलो. चहा सोडलाय हे तेव्हा आठवलं.

भाऊही तेच समजत होता. सोलापूरहून परत येताना बसमध्ये तो माझ्या पुढच्या सीटवर बसलेला. मागं न बघताच म्हणाला, "द्यायची नसंल तर तोंडानं सांग. बीपी कशाला म्होरं करतूस?"

"दादा, बीपी माझ्या हातात हाय व्हय?"

"मग कुनाच्या हातात हाय? दंड तुझाच हाय की."

तुळजापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. राग होताच, पण रागाच्या तळाला भीतीही होती. हा म्हणतो ते खरं असलं तर? माझ्या मनात द्यायचंच नसेल आणि माझं अंगच परस्पर नाही म्हणत असेल तर? उद्या हा गेला तर मी जन्मभर काय सांगणार, की मी हो म्हटलं होतं, माझा दंड नाही म्हणाला? त्या वेळी बसमध्ये बीपी घेतला असता तर किती निघाला असता कोण जाणे.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक उपाय काढला. चोवीस तास अंगावर बाळगायचं मशीन. कमरेला डबी, दंडाला पट्टा. तो दर अर्ध्या तासानं आपोआप फुगतो आणि आकडा डबीतच ठेवतो, तुम्हाला दाखवत नाही. घरी जा, नेहमीसारखं राहा, म्हणाल्या. भीतीमुळं वाढत असेल तर घरी खाली येईल. तसं झालं तर ऑपरेशनचं पुढं बघू.

मी तेरला आलो, अंगणात खुर्ची टाकून बसलो, तोच फाटक वाजलं. भाऊ. डायलिसिसनं काळवंडलेला, पाय सुजलेले. माझ्या अंगणात त्यानं पाय ठेवला नव्हता त्याला जमाना झाला होता. आला आणि समोरच्या पायरीवर बसला.

"काय काम होतं?" मी विचारलं.

"काम न्हाय. बगतो तू काय नाटकं करतूस ते."

म्हणजे राखण करायला आला होता! डबी घुरघुरली, पट्टा आवळला. मी हात सरळ धरून गप्प बसलो, तोही पट्ट्याकडं एकटक बघत बसला. बायकोनं चहा आणला. त्यानं दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. डायलिसिसमुळं त्याला पाणी, चहा सगळं मोजून. घसा कोरडा पडला की तो जीभ ओठांवरून फिरवायचा. तेवढ्या वेळात मी दोन वेळा तांब्यानं पाणी प्यायलो. त्यानं दोन्ही वेळा तोंड फिरवलं. दिवस मावळल्यावर जाताना म्हणाला, "रातीला काढून ठिवू नको. माझा भरवसा न्हाय तुझ्यावर." सकाळी मी दात घासत होतो तेव्हा परत हजर. माझा दंड चाचपून पट्टा जागेवर आहे का ते बघितलं आणि निघून गेला.

डबी परत दिली. निकाल सांगायला डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही आत बोलावलं.

"हे भीतीचं नाही," त्या मला म्हणाल्या. "दवाखान्यात थोडा जास्त वाढतो, ते खरं. पण तुमचा बीपी घरीही जास्तच आहे. रात्री झोपेतसुद्धा खाली येत नाही. तुम्हाला बीपी आहे, आणि बहुतेक बऱ्याच दिवसांपासून."

मी काही बोलायच्या आत भाऊच बोलायला लागला. "न्हाय न्हाय, मॅडम. त्याला काय झालेलं न्हाय. भितो तो. लहानपणापासनं भितरा हाय, देवी टोचायला आले तर कणगीमागं लपला व्हता. मी समोर बसलो व्हतो म्हनून वाढला असंल. मी येत न्हाय, परत लावा."

"रात्री तुम्ही नव्हतात," बाई म्हणाल्या.

तो माझ्याकडं वळला. "सांग की रं मास्तर! सांग, भ्या वाटतं म्हनून." इतके दिवस मला नाटकी म्हणणारा माणूस, मी नाटकीच असावं म्हणून गयावया करत होता. मला त्याचा राग येईना, आणि राग येत नाही म्हणून मी आणखीच चिडलो.

"ह्यांची किडनी मला घेता येणार नाही," बाईंनी स्पष्ट सांगितलं. "ह्यांना दोन्ही लागणार आहेत." मग त्यांनी भावाला विचारलं, "तुमचा बीपी पहिल्यांदा कधी कळला होता?"

तो पुटपुटला, "गावात शिबिर झालं व्हतं. गोळी दिली व्हती. महिनाभर घेतली. बरं वाटाय लागलं म्हनून सोडली."

"तिथूनच तुमच्या किडन्या जायला सुरुवात झाली," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यासाठी गोळी लिहून दिली. रोज सकाळी, न चुकता, बरं वाटलं तरी.

परतीच्या बसमध्ये आम्ही एका सीटवर बसलो, कारण दुसरी रिकामी नव्हती. त्याचं डायलिसिस चालूच आहे. किडनी मिळेल म्हणून कुठं कुठं नाव लावून ठेवलंय. वहिनीनं आता माझ्या दारात यायचं सोडलंय. तिचंही बरोबर आहे, द्यायला माझ्याकडं काही राहिलं नाही.

गोळीचा मला संताप येतो. एवढीशी गोळी, पण रोज सकाळी ती मला सांगते की तू आजारी आहेस. म्हणून मी ती टाळायला लागलो होतो. सुरुवातीला एखादा दिवस, मग लागोपाठ दोन दिवस. मला कुठं काय होत होतं?

मग एका सकाळी फोन वाजला. त्याचा. इतक्या वर्षांत पहिला.

"गोळी घेतली का?"

"घेतली."

फोन बंद. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही. रामराम नाही, बाकी काही नाही. मी बायकोवर ओरडलो, हे चुगली करणं तुझंच काम. ती म्हणाली, व्हय, माझंच.

परवा मी असाच "घेतली" म्हणालो. त्यानं फोन ठेवला नाही.

"खोटं बोलतूस," तो म्हणाला. "आत्ता घे. फोन कानालाच धर. गिळल्याचा आवाज यिऊ दे."

मी शिवी हासडणार होतो. पण बायकोनं गोळी तळहातावर ठेवली आणि पाण्यानं भरलेला तांब्या पुढं केला. मी गोळी टाकली आणि फोन कानाशी धरून घटाघटा प्यायलो. गोळीला दोन घोट पुरले असते, पण तो ऐकतोय हे कळत होतं, आणि का कोण जाणे, मला मध्येच थांबता येईना. तांब्या रिकामा झाला. तिकडून काही आवाज नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

मग तो खाकरला.

"आज पाळी माझी हाय," तो म्हणाला. "मोटारीला हात लावू नको."